पाण्याकडे बघणारा माणूस

९ जानेवारी २०२५ला वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचा अंत्यविधी झाला. अमेरिकेचे पाच आजी-माजी राष्ट्राध्यक्ष समोर बसले होते. नातू जेसन बोलायला उभा राहिला आणि आजी-आजोबांच्या घराबद्दल सांगू लागला. भिंतींवर मासेमारीच्या खुणा, फ्रिजवर नातवंडा-पतवंडांचे फोटो, आणि सिंकशेजारी धुतलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या वाळत घालायचा एक छोटा रॅक. दुधाच्या पिशव्या धुऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत घालणाऱ्या बायकांमध्ये मी वाढलो आहे. ते वर्णन ऐकताना मला ते घर ओळखीचं वाटलं.

कार्टर यांच्यावर त्या आठवड्यात पुष्कळ लिहून आलं. इराणमधले ओलीस, कॅम्प डेव्हिडचा करार, नोबेल. मला लिहायचंय ते त्या फ्रिजबद्दल आणि भिंतीवरच्या माशांबद्दल. कारण समाजसेवा करणाऱ्या माणसाचं आपल्या मनातलं चित्र फार वेगळं असतं. घरादारावर तुळशीपत्र ठेवलेला, स्वतःची हौसमौज मारून टाकलेला, मुलं कितवीत आहेत हे बायकोला विचारावं लागणारा. आपण त्याला नमस्कार करतो, त्याच्या बायकोच्या कष्टांबद्दल हळहळतो आणि पुढे जातो. कार्टर शंभर वर्षं जगले. त्यातली शेवटची चाळीसेक वर्षं दुसऱ्यांची घरं बांधण्यात आणि दुसऱ्यांचे आजार घालवण्यात गेली. या सगळ्या काळात त्यांनी संसार सोडला नाही आणि गळही सोडला नाही. माझ्या मते त्यांची सेवा टिकली ती याच दोन गोष्टींमुळे.

मी संगमेश्वरचा. शास्त्री नदीवर गरवायला जाण्यात लहानपण गेलं. बांबूची काठी, गरीला गांडूळ, आणि आजोबांचं ‘गप बस’. नोकरीच्या निमित्ताने पेनसिल्व्हेनियाच्या मधल्या डोंगराळ भागात येऊन राहिलो तेव्हा कळलं, की इथे मासे गरवणं विद्यापीठात शिकवतात. जॉर्ज हार्वे नावाच्या प्राध्यापकांनी पेन स्टेट विद्यापीठात फ्लाय फिशिंगचे, म्हणजे गळाला नकली माशी लावून मासे धरण्याचे वर्ग सुरू केले आणि १९४७पासून त्याला रीतसर गुण मिळू लागले. याच भागात स्प्रूस क्रीक नावाचा एक ओढा आहे. चुनखडीच्या डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी त्यात येतं, म्हणून उन्हाळ्यातही तो थंड राहतो आणि ट्राउट मासा त्यात सुखाने जगतो. राष्ट्राध्यक्ष असताना कार्टर दांपत्य या ओढ्यावर यायचं. शुक्रवारी हेलिकॉप्टर कॅम्प डेव्हिडला, राष्ट्राध्यक्षांच्या सुट्टीच्या मुक्कामी, उतरायचं, दोघं कपडे बदलायची आणि पुन्हा उडून इथल्या एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या कुरणात उतरायची. पत्रकार समजायचे, साहेब कॅम्प डेव्हिडवरच आहेत. त्या शेतकऱ्याशी जडलेली मैत्री पुढे कित्येक दशकं टिकली.

ज्यांनी ही मासेमारी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्या नेहमीच्या गरवण्यात शिसाचं वजन दोरी पुढे ओढून नेतं. इथे गळाला असते एक नकली माशी. कोंबड्याचं पीस, हरणाचे केस, रेशमाचा धागा असं काहीबाही गुंडाळून हाताने बांधलेली. तिला वजन जवळजवळ नसतंच. वजन असतं ते दोरीत. काठी मागे घ्यायची, दोरी पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे न्यायची. नवशिका तिथेच घाई करतो आणि दोरी त्याच्या टोपीवर येऊन पडते. माशी पाण्यावर टेकली की ती पाण्याच्याच वेगाने वाहत गेली पाहिजे. दोरीने तिला जरा ओढलं की ट्राउट ओळखतो आणि तोंड फिरवतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठली माशी लावायची ते. मेफ्लाय नावाचा किडा ओढ्याच्या तळाशी दगडाखाली वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ काढतो आणि पंख फुटून पाण्यावर आला की एक-दोन दिवसांत मरतो. मेच्या शेवटी ग्रीन ड्रेक जातीच्या मेफ्लाय निघतात तेव्हा स्प्रूस क्रीकचं संध्याकाळचं रूप पाहण्यासारखं असतं. हिरवट-पिवळ्या पंखांचे बोटाच्या दोन पेरांएवढे किडे पाण्यावर बसलेले, आणि खालून एकेक मासा तोंड उघडून त्यांना टिपतोय. त्या वेळी तुम्ही दुसरी कुठली माशी लावली असेल तर कितीही सुंदर बांधलेली असू दे, मासा ढुंकून बघत नाही. म्हणून फ्लाय फिशिंग करणारा माणूस आधी ओढ्यात उतरून दगड उलटे करतो. आत्ता या पाण्यात काय जगतंय, किती मोठं आहे, कुठल्या रंगाचं आहे, हे तो वाकून, डोळे बारीक करून बघतो. गळ टाकायचा तो त्यानंतर.

ही वाकून बघायची सवय कार्टर यांना फार लहानपणी लागली होती. १ ऑक्टोबर १९२४ला जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स गावी जन्म. वाढले जवळच्या आर्चरी वस्तीत, वडिलांच्या भुईमुगाच्या शेतावर. ते घर आता राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलंय. मी बायको-मुलीसह ते पाहून आलो. १९३५मध्ये वडिलांनी पवनचक्की बसवली तेव्हा घरात नळाचं पाणी आलं. वीज त्यानंतर आली. न्हाणीघरात वर टांगलेली, तळाला भोकं पाडलेली बादली, हाच शॉवर. माझी मुलगी बराच वेळ त्या बादलीखाली उभी होती.

आर्चरीत कार्टर यांचे बहुतेक शेजारी कृष्णवर्णीय होते, शेतावर राबणारे. त्यांतल्या रेचेल क्लार्क यांनी छोट्या जिमीला गरवायला शिकवलं. त्या त्याला घेऊन मैलोन्‌मैल चालत ओढ्यावर जायच्या, एकाच वेळी अनेक काठ्या लावून बसायच्या, आणि वाटेत झाडंझुडपं, पाखरं दाखवायच्या. आईइतकाच त्यांचा आपल्यावर संस्कार आहे असं कार्टर पुढे सांगत. ज्या काळात गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या, देवळं वेगळी, त्या काळात एका गोऱ्या जमीनदाराचा मुलगा एका काळ्या मजूर बाईच्या पायाशी बसून पाणी वाचायला शिकला. १९७१मध्ये गव्हर्नर झाल्या दिवशीच वांशिक भेदभावाचे दिवस संपले असं त्यांनी जॉर्जियासारख्या राज्यात जाहीर सांगितलं. त्या धाडसाच्या मुळाशी मला रेचेल क्लार्क दिसतात.

वडिलांची एक गोष्ट त्यांनी लिहून ठेवली आहे. मोठ्या माणसांबरोबर लिटल सॅटिला नदीवर गेले असताना वडिलांनी पकडलेले मासे दोरीत ओवून जिमीच्या कमरेला बांधले. पोरगं पाण्यात खेळता खेळता विसरलं आणि दोरी सुटून मासे गेले. जिमी रडत पाण्यात बुड्या मारून शोधू लागला. वडील तसे कडक, पण त्या दिवशी एवढंच म्हणाले की जाऊ दे, नदीत अजून पुष्कळ आहेत, उद्या धरू. ऐंशी-नव्वद वर्षं मनात राहावं असं बापाचं एक वाक्य प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

आता संसाराचं. रोझलिन यांचा जन्म झाला तेव्हा सुईणपण करायला हजर होत्या जिमीच्या आई, लिलियन. त्या नर्स होत्या. तीन वर्षांच्या जिमीला त्यांनी बाळ बघायला नेलं होतं. ७ जुलै १९४६ला त्या दोघांचं लग्न झालं आणि ते ७७ वर्षं टिकलं. पण हा माणूस पहिल्यापासून आदर्श नवरा होता असं समजायचं कारण नाही. १९५३मध्ये वडील वारले, तेव्हा नौदलातली पाणबुडीवरची उत्तम नोकरी सोडून प्लेन्सला परत जायचं त्यांनी एकट्याने ठरवलं. बायकोला विचारलंही नाही. जगभर फिरायला निघालेली रोझलिन पुन्हा त्याच पाच-सहाशे वस्तीच्या गावात. परतीच्या सगळ्या प्रवासात ती नवऱ्याशी धड बोलली नाही. पुढे निवडणुकीला उभं राहतानाही त्यांनी तेच केलं. हे सगळं कार्टर यांनी स्वतःच नंतर सांगितलंय, आणि कशामुळे बदललो तेही. गावातल्या धंद्याचे हिशेब रोझलिन बघू लागल्या आणि थोड्याच दिवसांत तो धंदा नवऱ्याहून त्यांना जास्त कळू लागला. तिथून पुढे ते दोघं भागीदार. म्हातारपणी त्यांनी एक रीत ठेवली: दोघांनी मिळून करता येईल असं नवीन काहीतरी शोधत राहायचं. साठीच्या घरात बर्फावर स्कीइंग शिकले, पक्षी बघू लागले. फ्लाय फिशिंग त्याआधीपासूनच दोघांचं होतं. रोझलिन कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून तासन्‌तास गळ टाकत. साहेब नदीवर आणि बाईसाहेब गाडीत स्वेटर विणत, असा तो मामला नव्हता.

फ्लायची खरी गोडी लागली गव्हर्नर असताना, अटलांटाजवळच्या चॅटाहूची नदीवर. ती नदी त्या भागात ट्राउटला पुरेशी थंड आहे ती वरच्या ब्यूफोर्ड धरणातून तळाचं पाणी सुटतं म्हणून. तरीही १९७३मध्ये फ्लिंट नदीवर स्प्रूएल ब्लफ इथे मोठं धरण बांधायचा प्रस्ताव आला तेव्हा कार्टर यांनी त्या नदीतून नावेने फिरून, हिशेब तपासून, ते धरण नाकारलं. धरणाला सरसकट विरोध करणारा हा माणूस नव्हता. नदी बघून मत बनवणारा होता. १९७८मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी चॅटाहूचीचा तो पट्टा लोकांसाठी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. अलास्कातली दहा कोटी एकरांहून जास्त जमीन राखणारा कायदा झाला २ डिसेंबर १९८०ला. निवडणूक हरून महिना होत आला होता.

तो पराभव मोठा होता. ५६व्या वर्षी घरी परत आले तर भुईमुगाच्या वखारीचा धंदा दहा लाख डॉलरच्या कर्जात. वखार विकली, पुस्तकं लिहायला घेतली, १९६१मध्ये बांधलेल्या त्याच साध्या घरात राहिले. १९८२मध्ये अटलांटात कार्टर सेंटर ही सेवाभावी संस्था काढली. १९८४मध्ये गरजूंसाठी घरं बांधणाऱ्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेच्या कामाला लोकांबरोबर बसने न्यूयॉर्कला गेले आणि एका मोडक्या सहामजली इमारतीत सुतारकाम केलं. तिथून जवळजवळ दरवर्षी एक आठवडा दोघांनी या कामाला दिला. चौदा देशांत मिळून चार हजारांवर घरं उभी राहिली किंवा दुरुस्त झाली. घर फुकट नाही. घर घेणाऱ्याने स्वतः राबायचं आणि बिनव्याजी हप्ते फेडायचे. २०१९मध्ये वयाच्या ९५व्या वर्षी घरात पडून कपाळाला चौदा टाके पडले, आणि दुसऱ्याच दिवशी ते डोळा काळानिळा घेऊन नॅशव्हिलला बांधकामावर हजर.

या कामासाठी ते आपल्याकडेही आले होते. २००६च्या ऑक्टोबरअखेर, दिवाळी नुकतीच उरकली होती, लोणावळ्याजवळ मळवलीच्या पाटण गावात आठवड्याभरात शंभर घरं बांधायचं ठरलं. ब्रॅड पिट आल्याची बातमी आपल्या पेपरांत मोठी झाली. कार्टर तेव्हा ८२ वर्षांचे होते. माझा तळेगावचा मामेभाऊ त्या वेळी कॉलेजात होता आणि मित्रांबरोबर लोकलने मळवलीला उतरून विटा पोचवायच्या रांगेत उभा राहिला होता. तो सांगतो, आम्हाला वाटलं होतं म्हातारे फोटोपुरते थापी हातात धरतील. फोटोवाले निघून गेले तरी काम चालूच होतं. विसापूर-लोहगडाच्या पायथ्याला ती वस्ती आजही आहे. भाज्याची लेणी बघायला जाल तेव्हा वाकडी वाट करून बघून या.

मुंबईशी या घराचा संबंध त्याच्याही आधीचा. लिलियन कार्टर नवरा गेल्यावर घरी बसल्या नाहीत. वयाच्या ६८व्या वर्षी त्यांनी पीस कोअरमध्ये, म्हणजे परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेत, नाव घातलं. १९६६च्या शेवटी त्या विक्रोळीला आल्या आणि पावणेदोन वर्षं गोदरेज वसाहतीत कुटुंबनियोजनाचं आणि मग दवाखान्याचं काम केलं. मुलगा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, फेब्रुवारी १९७७मध्ये आपले राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यविधीला अमेरिकेच्या वतीने त्याच आल्या, तेव्हा विक्रोळीला जाऊन जुन्या माणसांना भेटल्या. त्यांनाही मासे गरवायचा भारी नाद. जिमीच्या हातात हातोडा आणि गळ एकत्र कसे आले याचं कोडं आईकडे बघितलं की पडत नाही.

आता नारूबद्दल लिहितो. कार्टर यांचं सगळ्यात मोठं काम मी हेच मानतो आणि त्यांच्या मासेमारीशी त्याचं नातं मला फार जवळचं वाटतं.

आमच्या शाळेतले एक शिक्षक देशावरचे होते. त्यांच्या पोटरीवर नारूचा वण होता, सुरकुतलेला, चकचकीत. आजच्या मुलांना नारू हा शब्दही माहीत नाही, हे केवढं भाग्य. साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा, नजरेला ठिपक्याएवढा दिसणारा जीव असतो. नारूच्या अळ्या त्याच्या पोटात जातात आणि ते पाणी प्यायलं की माणसाच्या. वर्षभराने पायाला फोड येतो, आग होते आणि त्यातून हाता-दीडहाताएवढा जंत बाहेर यायला लागतो. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर जखम चिघळते. आग शमवायला माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि जंत तिथे पुन्हा अळ्या सोडतो. यावर लस नाही, औषध नाही. पाणी कापडाने गाळून प्यायचं, फोड आलेल्याला पाण्यात उतरू द्यायचं नाही, एवढाच उपाय. आपल्याकडे पायऱ्यांच्या विहिरी बंद करून, रहाट आणि हातपंप बसवून, गावोगाव रुग्ण शोधून तो घालवला. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६चा, राजस्थानातला.

कार्टर सेंटरने हे काम हातात घेतलं १९८६मध्ये. तेव्हा आफ्रिका-आशियातल्या २१ देशांत वर्षाला अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होत होता. १९८८मध्ये घानातल्या एका गावात कार्टर यांना एक तरुण बाई दिसली. छातीशी बाळ धरलंय असं त्यांना वाटलं. जवळ गेल्यावर कळलं, ते बाळ नव्हतं. सुजलेला स्तन होता आणि त्यातून नारू बाहेर येत होता. ही आठवण ते पुढे तीस वर्षं सांगत राहिले. १९९५मध्ये सुदानमधल्या यादवीत त्यांनी शस्त्रसंधी घडवून आणली, जवळजवळ सहा महिन्यांची. नारूवर काम करणाऱ्यांना गावांत जाता यावं म्हणून. त्या दिवसांत पाणी गाळायची फडकी वाटली गेली.

सत्ता भोगलेला माणूस निवृत्तीनंतर असलं काम निवडत नाही. त्यात उद्घाटनाची फीत नाही. दुसऱ्या आजाराच्या नावाने पैसा पटकन उभा राहतो, नारूच्या नावाने नाही. पण ओढ्यातला दगड उलटा करून त्याखालचा किडा बघायची ज्याला सवय, त्याला तळ्यातला ठिपक्याएवढा सायक्लॉप्स क्षुल्लक वाटणार नाही. एवढ्याशा जिवावर सगळं अवलंबून असतं, हे त्याने पाण्यात उभं राहून शेकडो वेळा पाहिलेलं असतं. काठी मागे नेऊन दोरी सरळ होईपर्यंत थांबणाऱ्याला एका रोगापाठी चाळीस वर्षं जाणंही जमतं. घाईने झटका दिला की नारू तुटतो.

ऑगस्ट २०१५मध्ये कॅन्सर मेंदूपर्यंत पोचल्याचं त्यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं, तेव्हा नव्वदीतला हा माणूस हसत म्हणाला, शेवटचा नारू माझ्याआधी मरावा अशी इच्छा आहे. त्या आजारातून ते उठले आणि पुन्हा गावच्या चर्चमध्ये रविवारचा वर्ग घेऊ लागले. नोव्हेंबर २०२३मध्ये रोझलिन गेल्या, २९ डिसेंबर २०२४ला ते गेले. प्लेन्समधल्या त्याच घराच्या आवारात दोघांना शेजारी पुरलंय.

शेवटचा नारू काही त्यांच्याआधी मेला नाही. २०२४मध्ये साऱ्या जगात १५ माणसांना तो झाला, चाड आणि दक्षिण सुदान या देशांत. ३५ लाखांवरून १५. आता अडून बसलंय ते कुत्र्यांपाशी. चाडमध्ये शारी नदीच्या काठच्या गावांत कुत्र्यांना नारू होतो, आणि त्याचं एक कारण म्हणजे मासे साफ करून काठावर टाकलेली आतडी ती खातात. म्हणून कार्टर सेंटरची माणसं आता तिथल्या कोळ्यांकडे जाऊन बसतात. मासा कापला की आतडी खड्ड्यात पुरा, सांगतात. कुत्री बांधून ठेवणाऱ्यांना, नारू झालेलं कुत्रं कळवणाऱ्यांना बक्षीस देतात, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला जातात.